केरीला उतरलेली बाई

एकतीस वर्षं बेळगाव-पणजी, चोर्ला घाटातून,
आणि पोटातलं पाणी एकदाही हललं नाही माझं.
सूचना पाठ होत्या:
चाकावर बसू नका, लांब बघा,
उपाशी येऊ नका, गच्च जेवूनही नको,
लिंबू हुंगत ऱ्हावा.
मराठीत एकदा, कन्नडात एकदा,
मग काळी पिशवी, शंभराच्या गठ्ठ्यातली.
जांबोटी सुटली की हात वर व्हायचे,
शाळेत होतात तसे, एकेक करून.

मलप्रभा शहाणी.
कणकुंबीत जन्मते, समुद्र तिथून हाकेवर,
तरी त्याच्याकडं पाठ करते
आणि सौंदत्तीच्या वाटेनं पूर्वेला चालू लागते.
मला एवढी अक्कल कुठली.
वैजयंतानं मस्कतहून तिकिटं काढली,
"बाबा, रिटायर झालात. सोळा दिवस बोट, जेवण त्यातच."
म्हटलं, येऊ की.

दुसऱ्या रात्री कळलं,
घाटाला वळण असतं, आणि वळण संपतं.
इथं पलंग वर जातो, थांबतो,
आणि आपण अजून वरच असताना
खाली निघून जातो.
डॉक्टरणीनं पिवळी गोळी दिली, हिरवं सफरचंद दिलं,
मनगटाला गुंडीचा पट्टा बांधला.
शहापुरातून नेलेला आलेपाक
गेला तसाच परत आला.
कुंद्याचा डबा उघडला तर वासानंच...
जाऊ दे.

खोली आवरायला येणारा पोरगा नंदगडचा निघाला,
इनास नावाचा.
गुडघ्यावर बसून त्यानं सगळं पुसलं,
चादर बदलली, नाकाला हात लावला नाही.
माझ्या हातात पिशवी दिली. माझ्या!
"काका, पडून ऱ्हाऊ नका. वर जावा, उभं ऱ्हावा."
एवढंच बोलला.

वर गेलो. अंधार, वारा, मिठानं चिकट झालेला कठडा.
पाय फाकवले, एक पुढं एक मागं,
कंबर खांबाला, दोन्ही हात मोकळे,
तिकीट फाडताना उभा राहायचो तसा.
खांद्यावर नसलेल्या बॅगेचा पट्टा सारखा केला
आणि हळू आवाजात सुरू केलं:
पिरनवाडी. किणये. कुसमळी.
जांबोटी. कणकुंबी. चोर्ला.
केरी.
मग उलटं, केरीपासून.
चौथ्या फेरीला बोट पायाखाली आली.
पाचव्या फेरीला मी, कुणाला सांगू नका,
रैट रैट म्हणालो.

फक्त केरीला दर वेळी जीभ अडायची.

केरीला एक बाई उतरली होती.
साल आठवत नाही, उन्हाळा होता.
हिरवी साडी, मांडीवर पोर.
हात वर करायला तिला हातच मोकळा नव्हता.
कणकुंबीला मी गाडी थांबवली,
नळावरनं बादली आणायला लावली
आणि पन्नास माणसांसमोर
सीट धुवून घेतली तिच्याकडनं.
तोंडानं बोललो ते इथं लिहीत नाही.
कोरडं फडकं नव्हतं, तिनं पदरानं पुसलं.
तोवर पोर एका म्हाताऱ्यानं धरलं होतं,
ते माझ्याकडं बघून हसत होतं.
सुटे नव्हते म्हणून तिच्या तिकिटामागं
मी तीन रुपये लिहून दिले होते.
उतरताना तिनं ते मागितले नाहीत.

घरी येऊन महिना झाला.
जमीन अजून हलते अधूनमधून,
दाढी करताना तर हमखास.
डॉक्टर म्हणतो, कान बोटीवर जे शिकला
ते विसरायला वेळ घेतो.
बायको म्हणते, भिंत धरा की.
मी धरत नाही. पाय फाकवतो
आणि पिरनवाडीपासून सुरू करतो.

तीन नाणी देवळीत वेगळी ठेवलीत.
केरीपर्यंत दोनदा जाऊनही आलो,
पुढच्या सीटवर, खिडकीशी, तिकीट काढून.
स्टँडवर चहा घेतला, उतरणाऱ्या बायका बघितल्या.
हिरव्या साडीवरनं काय ओळखणार.