रिकामा काटा

सोमवारपर्यंत एक लाख चाळीस हजार भरायचे,
नाहीतर पुण्यातली सीट दुसऱ्याला जाईल.
एमबीए, फायनान्स, दोन वर्षं. हॉस्टेलचे वेगळे.

आणि इकडे सीए इंटरचा दुसरा ग्रुप,
दोनदा गेलेला.
पहिल्यांदा सात मार्कांनी. दुसऱ्यांदाचं विचारू नका.
शाहूपुरीत, शिरगुप्पे सरांच्या ऑफिसात,
दीड वर्ष मी व्हाउचरना टिक करतेय
हिरव्या पेननं.
स्टायपेंड केएमटीच्या पासात जातो,
उरलेला झेरॉक्सवाल्याकडं.

घरी सगळे जमले.
मामा म्हणाले, "सीए म्हंजे लग्नपत्रिकेत
नावाआधी छापता येतंय."
मावशी म्हणाली, "पास झाली तर."
तेजल मुधाळेची पुण्याहून व्हॉइस नोट,
मागं एसीची घरघर:
"अगं, इथं माणूस बोलायला शिकतो.
तू अजून फोनवर 'हालो' म्हणतेस."
म्हणते खरी.
आई काही बोलली नाही.
बांगड्या मोजून परत डब्यात ठेवल्या तिनं,
चार.
मी पलीकडच्या खोलीत होते. ऐकू आलं.

आप्पा गूळ मार्केटात तोलाईला, एकतीस वर्षं.
डॉक्टरांनी सांगितल्यापासून
चहा बिनसाखरेचा.

शनिवारी सरांनी मला नेमकं तिथंच धाडलं,
हंजे ट्रेडर्समध्ये, स्टॉक मोजायला.
वहीत चारशे बारा रवे, तीस किलोचे.
मोजले, चारशे बाराच.
वजनात मात्र एकशे नव्वद किलो कमी.
बरोबरचा नवा पोरगा कानात म्हणाला, "चोरी?"
हंजे शेठ रुमाल शोधायला लागले.
मी एका रव्याचं कापड सोडलं, हात फिरवला.
कोरडा. कडा टणक.
फाल्गुनातला माल,
उन्हाळाभर पत्र्याखाली राहिलेला.
घट आहे ही. पाणी उडालंय.

कुठल्याच मॉड्यूलमध्ये हे नव्हतं.
आमच्याकडं जेवताना बोलतात,
आमटी वाढता वाढता.
तरी मी दहा रवे पुन्हा तोलायला लावले,
मागच्या दोन वर्षांची घट मागितली,
शेठची सही घेतली.
लिहिताना हात कापला नाही.
हे माझ्या उशिरा लक्षात आलं,
बाहेर नळावर हात धुताना.

आप्पा काट्याचं ताट पुसत होते.
"काय करू?" मी विचारलं.
"मला त्यातलं काय कळतंय गं."
पुन्हा पुसायला लागले.
मग, माझ्याकडं न बघता,
"माल ठेवायच्या आधी रिकामा काटा बघायचा.
शून्यावर हाय का.
कुणाचं बोट टेकलंय का.
मग ठेवायचा माल. एवढंच."

बसमध्ये उभी राहून बोटं उचलत गेले.
मामांचं सहज निघालं,
मावशीचंही.
तेजलचं जरा रुतलेलं.
आईचं नव्हतंच, नुसत्या बांगड्या होत्या.
मग एक राहिलं, उचलेना,
ते माझं होतं: सात मार्कांचं.
पुण्याला मला जायचंय,
की नोव्हेंबरपासून पळायचंय?
दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला.
व्हीनस कॉर्नर आलं तरी
काटा हलतच होता.

रविवारी रात्री फीची लिंक उघडली.
नाव बरोबर होतं, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.
दुरुस्त केलं, उगीच.
मग लिंक बंद केली.
पत्र फाडलं नाही.
फाइलला लावलं, तारखेप्रमाणं.
पुढंमागं जाईनही कदाचित,
पण पळत नाही जाणार.
आईला म्हटलं, डबा वर ठेव.
तिनं विचारलं नाही, कुठला.

पास होईन का, ते कुठल्याच वहीत नाही.
सोमवारी साडेनऊला हंजेंची घट
टिपणीत लिहिली, हिरव्या पेननं, दोन ओळी.
सरांनी वाचली. पान उलटलं. काही बोलले नाहीत.
त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

दुपारी तेजलला फोन लावला.
"हालो," म्हटलं.