साक्षीचं वजन

टावरीच्या जिनात सव्वीस वर्षं मी काट्यावर आहे.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक वहीत.

त्या दिवशी सकाळी साडेसातला
अल्लीपूरचा रस्ता दवाने ओला होता
आणि सिंगापुरात दहा वाजले होते.
ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीखाली लॅपटॉप मांडला.
देवतळे वकीलबाई म्हणाल्या, वरची गुंडी लावा.

आदल्या रात्री त्यांनी समजावलं होतं:
करार वाचायचा इंग्लंडच्या कायद्याने.
लवादाची बैठक सिंगापूर,
म्हणून लवाद चालवायची रीत तिथली,
निकाल मोडायचा तर दारही तिथलंच.
वसुली मात्र नागपुरातून,
कधीकाळी न्यूयॉर्कला झालेल्या एका करारापायी.
"अन् गाठी कुठं हायेत?"
हायफाँगच्या गोदामात. व्हिएतनाम.
"मंग तिथला कायदा?"
तिथला नाही.
"अन् आपला?"
बाई चहा फुंकत राहिल्या.

तिघे पंच.
एक पर्थला मुलीकडे, एक कोलंबोत,
एक बाई हाँगकाँगला, मागे पुस्तकांची भिंत.
सिंगापुरात कोणीच नाही.
बैठक तिथली, आणि बसलेलं कोणी नाही.
घड्याळ तेवढं तिथलं.
आमच्याकडे पंच बसायचे
तर निदान सतरंजी झटकावी लागायची.

ओल तुम्ही कशाने मोजली?
दुभाषी पुण्याचा, आवाज गोड.
मीटरनं. आठ पॉइंट दोन. वहीत हाय.
आणि मीटरच्या आधी?
आधी सरकी दाताखाली धरतो.
कट्ट वाजली तं वाळली.
दबली, तं गाडी दहा वाजेपर्यंत उन्हात उभी.

दुभाषी थांबला.
"कट्ट" त्याच्या घशातच राहिलं.
हाँगकाँगच्या बाईंनी चष्मा काढला:
हे कोणत्या देशाचं मानक?
मी आ करून दाढ दाखवली असती,
पण टेबलाखाली वकीलबाईंचा पाय हलला.

सांगायचं होतं ते निराळंच.
कापूस पानी पेते, साहेब.
आमच्या कोरड्या हवेत वाढलेला,
बत्तीस दिवस समुद्रावर ठेवला,
पेला असंल थोडं.
थे पानी कोनाचं?
पण तसं कोणी विचारलं नाही,
आणि विचारलं तेवढंच बोलायचं ठरलं होतं.

पाच महिन्यांनी निकाल आला. चौऱ्याऐंशी पानं.
परिच्छेद एकसष्टमध्ये मी होतो,
उमाठेचा उमाते झालेला.
जिथं सरकी वाजली होती
तिथं तळटीप: शब्द अस्पष्ट.
पुढे लिहिलं होतं, साक्षीदार प्रामाणिक वाटला,
परंतु त्याच्या साक्षीला वजन देता येत नाही.

वजन? मी विचारलं. असाच शब्द हाय?
असाच, बाई म्हणाल्या.
त्यांच्या कायद्यात, आपल्या कायद्यात,
सगळीकडे असाच.
शेठ खिडकीबाहेर बघत होते,
तिथं एक बैल उगाच उभा होता.

संध्याकाळी शेवटची गाडी निघून गेली.
फाटक लागलं.
मी चपला काढल्या, का कोण जाणे,
आणि मोठ्या काट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.
केबिनच्या काचेतून लाल आकडा दिसतो.
साठ.
तो वीसच्या पटीतच दाखवतो,
अधलं-मधलं त्याला कळत नाही.

उतरलो.
शून्यावर यायला
त्याला जरा वेळ लागला.