खुंट

नीहारच्या प्लास्टिकखाली सकाळी सातलाच घाम फुटतो.
माझ्या टेबलावर दोन ट्रे:
डावीकडे खुंट, उजवीकडे डोईचा वाण.
पातं तिरपं धरायचं,
एकाचा शेंडा उडवायचा, दुसऱ्याचं मूळ,
आणि दोन ओल्या जखमा
सिलिकॉनच्या चिमट्यात समोरासमोर बसवायच्या.
तासाला दोनशे. एन्कार्ना अडीचशे करते,
पण तिची मरतातही जास्त.

माझा बाप मशिदीच्या शाळेत
पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायचा.
त्याच्याकडे कलम म्हणजे बोरू,
तोही असाच तिरपा कापलेला.
मला शाळेत घातलं नाही. कापायला मी शिकले.

ओलाया वही घेऊन येते.
तिचे खुंट एकशे वीस, सगळी सख्खी भावंडं:
बाप बाजारातला, गुबगुबीत,
आई दूरच्या महासागराच्या काठची, रानटी,
खडकाच्या फटीत लाटेचे शिंतोडे खात वाढलेली,
फळं बोराएवढी.
वर मात्र सगळ्यांना एकच वाण.
‘चेहरे सारखे ठेवलेत,’ ती म्हणते,
‘म्हणजे कुणाच्या पायांत काय आहे ते कळेल.’

मग ठिबकमधून मीठ.
इथल्या विहिरींना त्याचं नवल नाही,
उपसून उपसून समुद्रच आत बोलावलाय आम्ही.
पण ओलाया मोजून देते, औषधासारखं.

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा भाजल्या.
बाविसाव्याने मान टाकली.
अठ्ठ्याऐंशीवा नुसताच पानांनी माजला.
आणि एकसष्ट,
जो कलम करताना मी फेकणारच होते,
काडीसारखा, खुंटलेला खुंट,
त्याच्या डोक्यावर घोस. लाल, घट्ट, लहान.

ओलायाने पानं जाळून राख तोलली,
मुळं धुऊन वाटली.
सातव्या गुणसूत्रावर, म्हणाली, एक जनुक आहे.
वर चढणाऱ्या रसातून सोडियम वेचून काढतं,
खालीच थोपवतं,
पानांपर्यंत त्याची वार्ता जाऊ देत नाही.
कुणाकडून आलं?
‘अजून पक्कं नाही. आईकडून असावं.’

खाल्ल्या मिठाला जागणं वेगळं.
हे मीठ खाऊन गप्प राहणं.

एकसष्टचा एक टोमॅटो मी खिशातून घरी नेला.
मीठ भुरभुरायला गेले, तर निसरीनने हात धरला:
‘आई, नको ना. गोड आहे.’
तिच्या स्पॅनिशला माझा वास नाही.
शाळेत माझ्याशी बोलताना ती आवाज थोडा खाली घेते,
फारसं कुणाला कळत नाही.

बिया मी कागदावर वाळवल्या,
तेलाच्या डब्यांत लावल्या, गॅलरीत,
नळाचं तेच मचूळ पाणी.
उगवल्या. हातभर झाल्या. आणि पिवळ्या पडल्या.

डबा तसाच उचलून ओलायापुढे आदळला.
एकसष्टचं बी आहे हे! मग?
ती माती झटकत राहिली थोडा वेळ.
‘बी वरच्याचं असतं, यामना.
फळ खुंटाच्या जिवावर पिकतं,
पण बियांत तो उतरत नाही.’
काहीच?
‘काहीच.’
मग दर वेळी नव्याने कापायचं?
‘दर वेळी.’

जेवणाची सुट्टी संपली होती.
टेबलावर एकसष्टचा ट्रे आला, पहिल्यांदाच भरून.
एकेक खुंट बोटांत धरून मी उजेडाकडे नेला,
देठावरची बारीक लव पाहिली,
मगच पातं.

आज तासाला एकशे दहाच.
एन्कार्ना वळून वळून बघतेय.
बघू दे.