हात लावून बघणं

भोसरीत, जे ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
सत्तावीस वर्षं जुन्या लेथला
नवं कार्ड बसवायला मी आले तेव्हा
यासीन इनामदारांनी आधी माझे बूट पाहिले,
मग लॅपटॉप, मग म्हणाले,
"बसा. स्टुलाचा एक पाय आखूड आहे."

मी सांगत सुटले, कुणी विचारलं नसताना:
कार्डाच्या आत कप्पे असतात, चाचा.
मागितलं की कर्नल त्या कप्प्यांना
माझ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत पत्ते देतो.
नुसते पत्ते. माल काही आत येत नाही.
मी तिथे चारशे लिहिते
आणि चारशे तिथे राहत नाही,
चक फिरायला लागतो.

"म्हणजे चिठ्ठी नाही," ते म्हणाले,
"थेट दार."

थेट दार.
विमाननगर, मग वाकड, मग काळेवाडी,
अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार,
आधारवर चढायच्या आत सुटलेले तीन पत्ते;
आणि इथे एका आकड्यामागे
खरोखर कुणी घरी होतं.

त्यांच्या वहीचे फोटो काढून मी फाइल केली होती.
कुठलं कास्टिंग टूल खातं,
कुठल्या जॉबला उन्हाळ्यात किती मायक्रॉन सोडायचे.
सहाशे बारा पानं.
सगळी वही मेमरीत आहे, असं प्रोग्रॅमला सांगितलं
तेव्हा एकही पान आलेलं नव्हतं.
बोट ठेवलं की त्या पानापुरता
प्रोसेसर अडखळतो, कर्नल डिस्ककडे धावतो,
पान आणून ठेवतो,
आणि अडखळलेला, काही झालंच नाही असा,
त्याच ओळीपासून पुढे वाचतो.
एकशे चाळिसाव्या पानावर तेलाचा अंगठा होता.
तोही आला.

तिसऱ्या रात्री
तापमानाच्या कप्प्यात एकेचाळीस.
अकराला एकेचाळीस. साडेअकराला एकेचाळीस.
स्क्रीनवर सगळं थंड
आणि शेडभर तेल जळल्याचा वास.
चाचांनी लाल बटण दाबलं,
हेडस्टॉकला तळवा लावला, चटकन उचलला.
"तुमचा आकडा खोटं बोलत नाही," म्हणाले,
"मघाचं बोलतोय."

मघाचं.
कोड उघडला. कंपायलर बेरकी:
हा पत्ता एकदा वाचलाय,
मधे आपण काही लिहिलेलं नाही,
मग हेलपाटा कशाला?
त्याने एकेचाळीस खिशात टाकलं
आणि दर वेळी खिशातून काढून दाखवलं.
माझा एक शब्द राहिला होता, व्होलाटाइल.
त्याचा अर्थ एवढाच, की इथे दर वेळी जा.
उंबऱ्यापर्यंत. माहीत असलं तरी जा.

ते दर दहा मिनिटांनी उठायचे,
मशीनला हात लावून परत बसायचे.
मी समजत होते, सवय असेल.

आणखी एक कप्पा आहे.
वाचला की पुसला जातो.
बिघाडाची खूण एकदाच सांगते; तेव्हा तुमचं लक्ष
दुसरीकडे असेल तर ती गेली.
त्याच रात्री थर्मासमधून चहा ओतताना
ते म्हणाले होते,
डाव्या कानाला हल्ली बेअरिंगचा आवाज येत नाही.
मी लॉग बघत होते.
"काय म्हणालात?"
"काही नाही. साखर कमी आहे."

गुरुवारी वीज नाही, एमआयडीसीला सुट्टी.
प्रोग्रॅम बंद करण्याआधी घेतलेले पत्ते मी परत केले;
परत केल्यावर तिथे हात घातला
तर कर्नल जागेवर मारतो, कारणही विचारत नाही.

शुक्रवारी लवकर पोचले.
तापमान अठ्ठावीस. पुन्हा वाचलं, अठ्ठावीस. पुन्हा.
मग स्टूल उचलून
त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलं.
तिकडेही ते डुगडुगलंच.