फुली

पेन्सिल घे, सुकुमार, टेप लाव.
कडाप्प्यापासनं नऊ इंच वर, तिथं मार फुली.
खाली घेतलास तर फडक्याचं पाणी आत जातंय,
लई वर घेतलास तर वायर लोंबकळती,
आणि लोंबकळती वायर रांगतं पोर धरतंय.

शेगडीच्या डोक्यावर बोर्ड नको.
रश्श्याची वाफ, फोडणीचं तेल,
सहा महिन्यांत बटण चिकटून बसतंय.
नळापासनं दोन हात लांब.
नळाकडनं पिनेकडं जाताना
मधी एक पाऊल तरी पडू दे.
त्या एका पावलात माणूस
वला हात पदराला पुसतंय.

आर्किटेक्टच्या कागदावर एकच पॉइंट,
तोबी फ्रीजच्या मागं.
म्हणून तर मगाशी म्हटलं, मगदूम वहिनी,
कागद ऱ्हाऊ दे,
मटणाचं वाटण करायला कुठं उभारणार, दावा.
आल्या, उभारल्या.
गॅस न्हाई, भांडं न्हाई, नुसता सिमेंटचा वास,
आणि हवेतच मिक्सरचं झाकण दाबलं
डाव्या हातानं.
बघितलास?
फुली सरकव. आणि जरा. हां.

मिक्सर, ओव्हन, इंडक्शन
एकाच पॉइंटाच्या गळ्यात बांधायचं न्हाई.
ओव्हनला सोळा अँपिअर, वेगळी तार, थेट डीबीतनं.
हिरवी तार कुणाला दिसत न्हाई
म्हणून वाचवू नकोस.
ती भिंतीतनं खाली जाती,
मीठ-कोळशाच्या खड्ड्यापतोर,
आणि वहिनींच्या वाट्याचा झटका
गपगुमान गिळती.

तुला शिकवतोय खरं,
फुलेवाडीत माझ्या घरात
प्लग एकच, बाहेरच्या खोलीत, टीव्हीखाली.
आमची ही मिक्सर कडेवर घेऊन येती,
फरशीवर बसून वाटती.
मी बातम्या बघत असलो
की जाहिरात लागंपतोर थांबती.

सात वर्षं झाली,
हिच्या ओट्यावरबी मापून फुली मारलीया.
नऊ इंच. नळापासनं दोन हात.
म्हटलं हुतं, येत्या रविवारी झिरी मारतो.

दिवाळीला तिनं भिंत रंगवली, एकटीनं.
मी रात्री आलो, दिवा लावला.
सगळी भिंत पिस्ता,
मधी तळहाताएवढा जुना चुना तसाच,
आणि त्यात माझी पेन्सिल.
ब्रश भोवतीनं फिरवलाय, नीट,
कुंकवाभोवतीनं तोंड पुसावं तसा.
बोलली काय न्हाई. भाकरी वाढली.

छिन्नी दे हिकडं.
बाजूला हो, डोळं मीट,
धूळ उडंल.