प्रश्न क्रमांक चौदा

गोळीबार चौकातून आत, जुन्या हातमागांच्या गल्लीतलं
सातवं घर. मे महिना, दुपारचे पावणेतीन.
कूलरच्या ताट्यांची खस इतकी सुकलेली
की वारा नुसताच आवाज करत होता.
पुष्पकला धकाते यांनी माठातलं पाणी पुढे केलं,
मी फॉर्म.

‘मुलाला व कुटुंबाला मिळणाऱ्या सेवा
एकमेकींशी जोडलेल्या आहेत असं वाटतं का?
एक ते पाच, एका आकड्याला गोल करा.’

त्या उठल्या.
बंद पडलेल्या मागावरून पिशवी काढली,
साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेली,
आणि माझ्यासमोर पालथी केली.
मेयोचं कार्ड. शाळेचं पत्र.
बालकल्याण समितीची तारीख, मग पुढची तारीख.
झेरॉक्सची झेरॉक्स, जिच्यात पोराचा चेहरा
काळा होत होत चेहरा राहिला नव्हता.

“हे घ्या तुमचं जोडणं.
डाक्टरले शाळा माईत नाही,
शाळेले डाक्टर माईत नाही.
सगळ्यायले माईत आहे तं फक्त ही पिशवी,
अन् पिशवी मीच उचलतो.
मंग आकडा कोनाले देऊ, बाई?”

मी तीनला गोल केला.
तीननं कुणाचंच काही बिघडत नाही.

तेवढ्यात प्रज्वल आतून आला. पंधरा वर्षांचा.
एवढ्या उकाड्यात शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत.
बादलीनं कूलरवर पाणी मारलं,
खस भिजली, घराला वास आला.
पाठमोराच म्हणाला,
“एक मॅडम होत्या. त्या म्हणे,
मी तुझी फाइल वाचून आलेय,
तुला पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.
त्यायची बदली झाली.”
मग वळला.
“तुमी वाचून आल्या होत्या का?”

माझ्याकडे त्रेचाळीस प्रश्न होते.
पहिला: मुलाचं नाव.
दुसरा: काय झालं ते थोडक्यात सांगा.
मी दोन्ही विचारले होते.
दुसरा तर दोनदा, कारण पेन चालत नव्हतं.

अग्रसेन चौकाच्या सिग्नलला कागद नीट लावताना
माझ्या क्लिपखाली सापडलं मेयोचं कार्ड.
कार्डाशिवाय मंगळवारी खिडकीवरचा माणूस नंबर देत नाही.
हे त्यांनीच सांगितलं होतं, प्रश्न नऊला,
आणि मी ‘इतर’मध्ये लिहिलं होतं.

“भाऊ, ऑटो वळवा.”
“काऊन मॅडम, काही राह्यलं?”

दुसऱ्या भेटीसाठी अहवालात रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिलनं,
म्हणजे वरच्यांना खोडायचं झालं तर सोपं जावं:
कार्ड परत दिलं. तीन पंचावन्न.
मुलानं दार उघडलं, काही विचारलं नाही.
मीही नाही.
खस ओली होती.