पाच आटे

दांडीच्या किनाऱ्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
इनासमामांची शेड.
आत टाक्या उभ्या. पिवळ्या, खरचटलेल्या,
एकीवर खिळ्याने कोरलेलं नाव : मंदा.
सप्टेंबर संपत आलाय, पंधरा दिवसांत पाहुणे येतील
आणि मला सहा हव्यात.

"टाकी कशी बघूची? बांगडो बघतव तशी.
रंगार भुलाचा नाय. कल्लो उचलून बघूचो."
टाकीचा कल्ला म्हणजे तिचा खांदा.
तिथे ठोकलेले महिने, वर्षं :
कितीदा दाबाखाली नेली, कितीदा टिकली.
मी आकड्यांत बोट घालून वाचते.
मंदाला कुणी सात वर्षांत तपासलेलंच नाही.
तिला भिंतीकडे सरकवते.

स्टीलच्यांना फणसासारखी टिचकी मारते.
दोन देवळातल्यासारख्या घणघणल्या.
एक नुसतंच थप् म्हणाली : आत गंज.
ॲल्युमिनियमच्या चांगल्या, पण हवा संपत आली
की वर पळायला बघतात.
"उपाशी माणूस हलको जाता, तसां. कमरेक शिसां वाढव."

मग झडप जरा सैल करून नाकाशी धरायची.
"हवेक वास असता नये."
चौथीला होता. डिझेलचा, अगदी पुसट.
मामांनी स्वतःच ती बंद केली,
क्षणभर कंप्रेसरकडे बघत राहिले.
"ही माझीच भरलेली," म्हणाले,
आणि तिच्यावर खडूने फुली मारली.

आता पिशवीतून न्हानूचा रेग्युलेटर काढला.
दोहाच्या बंदरात जहाजांची पोटं खरवडताना
त्याच्या उजव्या कानाचं जे झालं ते झालं.
जूनमध्ये आला, लुंगीत गुंडाळलेलं हे
पाट्यावर ठेवलं, आणि चहा मागितला.
बस्स. माझ्याशी त्याचं बोलणं
वडिलांच्या होडीच्या वाटणीपासून असंच, वस्तूंमधून.

याच्या तोंडाला आटे, स्क्रूसारखे.
मामांच्या टाक्या सगळ्या जूच्या :
बैलाच्या मानेवर ठेवतात तसं
वरून बसवायचं, मागून आवळायचं.
मी धरून बघितलं. तिरकं केलं. थोडा जोर केला.

"ए! जोर करू नको!"
देवबागला एकाने इंचाच्या मानेत
मिलिमीटरची झडप घातली होती.
तीन वेढे सुरेख गेली. भरताना उडाली,
पत्रा फोडून शेजारच्या माडाच्या झावळ्यांत.
माणूस वाचला, कारण तो तेव्हा बिडी आणायला गेला होता.
"फिरली म्हणजे बसली, असां नसता."

मी रेग्युलेटर परत गुंडाळायला लागले.
दुसरा घेऊ. हप्त्याने. काय करणार.

मामांनी तेवढ्यात ड्रॉवर उपसला :
वॉशर, मेणबत्तीचे तुकडे, एका लग्नाचा फोटो,
शेवटी एक अॅलन की.
झडप बंद आहे का, दोनदा बघितलं.
टाकीच्या तोंडात मधोमध पितळी कडी होती,
मला वाटलं होतं ती तोंडाचाच भाग.
त्यांनी कीचं टोक तिच्यात रोवलं, डावीकडे पिळलं,
आणि ती अख्खी तळहातावर आली,
सुपारीएवढी.

खाली आटे होते.
जुने नाहीत, नवे कोरे,
कुणी कधी वापरलेच नव्हते.

"सगळ्यांक नसतत हे. ह्या तिघींक आसत. बघ आता."
ओ-रिंग पुसली, न्हानूचं टोक लावलं,
फक्त दोन बोटांनी.
एक. दोन. तीन. चार. पाच.
झडप उघडली. एक बारीक सुस्कारा,
मग काहीच नाही. काटा दोनशेवर.

संध्याकाळी ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात बसून
पहिला श्वास घेतला.
तोंडातल्या रबरावर दातांच्या खुणा होत्या,
डाव्या बाजूला खोल, उजव्या बाजूला जवळजवळ नाहीत.
त्याची उजवी दाढ मीच पाडली होती,
नवव्या वर्षी, वल्ह्याने, चुकून.

नवं रबर तीनशे रुपयांना मिळतं. पिशवीत आणलंसुद्धा होतं.
ते तसंच आहे.
मी डावीकडे चावून धरते,
आणि हवा येते.